सशाच्या पिल्लाचे पोट

बोरिवली-मुलुंडकडे हौसेने पाळलेले पांढरे ससे तुम्ही पाहिले असतील. बाजारातून आणलेले इवलेसे पिल्लू गाजर-पाव खाते आणि पुष्कळदा त्याला हगवण लागून ते दगावते. असे का व्हावे?

ससीण पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटे पाजते. त्या दुधापासून पिल्लाच्या जठरात कॅप्रिलिक व कॅप्रिक ही मेदाम्ले सुटतात. ती जंतूंना वाढू देत नाहीत. चार-पाच आठवड्यांनी दूध तुटते आणि हा पहारा उठतो. मोठ्या सशाच्या जठराचा पीएच १ ते २ असतो, पिल्लाचा ५ ते ६. फरक चारचाच, पण गणित करून पाहा : आम्लता दहा हजार पटींनी कमी! जंतू मग उंडुकात, म्हणजे आतड्याच्या मोठ्या पिशवीत, सुखरूप पोचतात. पावातला न पचलेला स्टार्च तिथे त्यांना आयताच मिळतो.

म्हणून सशांच्या खाद्यात यीस्ट, उपयुक्त जंतू किंवा सेंद्रिय आम्ले मिसळतात. पूर्वी प्रतिजैविकेही घालत. जनावरांच्या वाढीसाठी ती देणे युरोपीय संघाने २००६ पासून बंद केले. या पुड्यांचा गुण कधी येतो, कधी नाही. सुक्या गवताला मात्र पर्याय नाही. त्यातले तंतू आतडे हलते ठेवतात.

घरातली ॲम्पिसिलिनची कॅप्सूल सशाला कधीही देऊ नका. उंडुकातले उपयुक्त जंतू तिने मरतात, विषारी जंतू माजतात. हगवण दिसली, की त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.