बायपासला दहा वर्षं झाली? जोडलेली शीर फुगली नाही ना, विचारून घ्या

वारजे : "बायपास होऊन बारा वर्षं झाली, आता कशाला डॉक्टर?" मुळशी, वेल्ह्याकडून वारज्यात दवाखान्याला येणाऱ्यांत असं म्हणणारे हमखास भेटतात. गडबड इथंच होते.

बायपासमध्ये बहुतेकदा पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. ही शीर मुळात कमी दाबाची. ठिबकची नळी थेट मोटारीच्या मेन लाइनला जोडावी, तसा प्रकार. काहींच्यात वर्षानुवर्षांनी ती एका जागी फुगते. छातीतली धमनी जोडली असेल तर हे फार क्वचित होतं.

आजार दुर्मिळ आहे, घाबरायचं काम नाही. पण तो बहुधा दहा वर्षांनंतर दिसतो, म्हणजे लोकांनी तपासणी सोडल्यावर. बऱ्याचदा त्रास काहीच नसतो. खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला की हृदयाजवळ डाग दिसतो, आणि तो फुप्फुसातली गाठही वाटू शकतो. म्हणून ऑपरेशनची जुनी फाईल टाकून देऊ नका, सोबत न्या. खात्री सीटी अँजिओग्राफीने होते.

जोडलेल्या शिरा फुगतात त्यापेक्षा तुंबतात जास्त. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० ला झाली, आणि ब्लॉकेजमुळे दुसरी २००९ ला, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडांच्या टीमकडून.

फुगा लहान असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात. मोठा असेल तर आतून तार घालून बंद करतात, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. त्यात गुठळी झाली तर अटॅक येतो, फुटला तर जिवावर बेततं. छातीत दुखलं, दम लागला तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.