दुसऱ्याच्या नावाचे पाकीट

टपाल आले की पाकिटावर नाव कोणाचे आहे हे न पाहताच ते फोडण्याची सवय आपल्या पुष्कळ घरांत आहे. “घरचेच तर आहे, त्यात लपवायचे काय?” असे वडीलधारी मंडळी म्हणतात. जर्मनी देशात मात्र या गोष्टीला फार महत्त्व देतात. त्यामागचा इतिहास आपणही जाणून घेण्यासारखा आहे.

तेथील १९४९ च्या राज्यघटनेच्या १० व्या कलमाप्रमाणे पत्राची गुप्तता अभंग मानली आहे. कायद्याने ठरवून दिलेल्या कारणावाचून सरकारलाही पत्र उघडता येत नाही. सामान्य माणसांसाठी दंडसंहितेचे २०२ वे कलम आहे. दुसऱ्याचे बंद पत्र जाणूनबुजून उघडणाऱ्यास, मग तो शेजारी असो की घरमालक, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र ज्याचे पत्र असेल त्याने, गोष्ट कळल्यापासून ३ महिन्यांच्या आत, तक्रार केली पाहिजे. चुकून उघडले तर तो गुन्हा ठरत नाही.

त्या वेळी जर्मनीचे दोन भाग झाले होते. पूर्व जर्मनीच्या १९६८ च्या घटनेतही टपालाच्या गुप्ततेचे वचन होतेच. पण ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याची एक शाखा टपाल कचेऱ्यांतील बंद खोल्यांत बसून रोज हजारो पत्रे वाफेवर उघडीत असे. पत्र वाचायचे, नक्कल काढायची, पुन्हा डिंक लावून पाठवून द्यायचे! पश्चिमेकडच्या नातेवाइकांनी पाकिटात घातलेले पैसेही काढून घेतले जात. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली आणि जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली पाहता येऊ लागल्या. आई, भाऊ, मित्र यांना लिहिलेल्या खाजगी शब्दांच्या नकला कित्येकांना त्या फायलींत सापडल्या.

वाचकहो, यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वचन कागदावर असून भागत नाही, पाकीट हाती धरणाऱ्याच्या मनात ते असावे लागते. आपल्या मॉरिशसच्या १९६८ च्या राज्यघटनेच्या १२ व्या कलमातही पत्रव्यवहारात ढवळाढवळ न होण्याचा हक्क दिला आहे. पण घरातल्या मुलीचे किंवा सुनेचे पत्र सासूबाईंनी आधी वाचले, तर ती बिचारी कोणत्या कोर्टात जाणार?

म्हणून नियम घरातच असावा. ज्याचे नाव, त्याच्या हाती पाकीट. चुकून फोडले गेले तर आतला मजकूर न वाचता, “चुकून उघडले” असे सांगून लगेच द्यावे. कोणी वारंवार आपली पत्रे उघडत असेल तर पाकीट जपून ठेवावे, तारीख लिहून ठेवावी आणि आधी त्या माणसाशी शांतपणे, पण स्पष्ट बोलावे. तरीही थांबले नाही तर टपाल कचेरीत कळवावे व वकिलाचा सल्ला घ्यावा.

मुलांनी आपल्यापासून काही लपवू नये असे वाटत असेल, तर त्यांचे पाकीट बंदच त्यांच्या हाती द्यावे. विश्वास बसला की तीच पत्र वाचून दाखवतील.