चौदा मोसमांचा होळकर संघ

नांदगाव खंडेश्वरच्या टेनिस बॉल स्पर्धांत कुणी बाहेरगावचा प्लेअर आणला की मैदानावर कुरबुर होतेच. इंदूरच्या होळकरांनी हीच गोष्ट राजरोस केली, आणि भारतीय क्रिकेटला एक अजब संघ मिळाला. १९४१-४२ ते १९५४-५५ एवढंच त्याचं रणजी आयुष्य. त्यातल्या शेवटच्या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला.

संघाचा कणा आपल्या नागपूरचा. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म १८९५ चा, नागपुरातला. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावून फौजेत कॅप्टन केलं. फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाडही जन्माने नागपूरचेच. मुश्ताक अली घरचे, तर चंदू सरवटे सागरचे आणि भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. संस्थानाने मीठभाकरीची सोय केली आणि त्यांनी धावा केल्या. मला तर हा व्यवहार चोख वाटतो.

धावा तरी किती! १९४५ च्या मार्चमध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध अंतिम सामना झाला. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. ८६७ धावांचं लक्ष्य समोर असताना त्याने नाबाद २४९ केल्या, तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. पुढच्याच वर्षी इंदूरला म्हैसूरची पाळी आली. होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रतापसिंग अशी एकाच डावात सहा शतकं! मग अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशीतल्या नायडूंनी २०० काढल्या आणि पहिलं विजेतेपद आलं. पुढची १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ ची.

संघ खेळात कमी पडून संपला नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं. तरी होळकर हे नाव आणखी काही वर्षं टिकलं. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून हार झाली आणि पुढच्या मोसमात मध्यभारत नावाचा संघ उतरला. राजाश्रयाची हीच गोम: आश्रय देणाराच नाहीसा झाला, की संघाच्या नावाला वाली उरत नाही.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं त्याला कुणी फारसं मोजलं नाही. पहिलं विजेतेपद २०१७-१८ चं, दिल्लीला हरवून मिळवलेलं. तेव्हाही मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश हे बाहेरचे गडी संघात होतेच. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचे. फरक एवढाच, की या वेळी पदरी ठेवणारा राजा नव्हता, क्रिकेट संघटना होती. तो अंतिम सामना झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.