मैदान समजून घेताना (६) : बचावाच्या पुढचा माणूस

मागच्या आठवड्यात बचावफळी पाहिली. तिच्या चार पावलं पुढे उभा असतो तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. नाशिकच्या कुठल्याही मैदानावर पोरांना विचारा, सगळ्यांना स्ट्रायकर व्हायचं असतं. ही जागा कुणी मागून घेत नाही. पण याच खेळाडूकडे नीट बघा. पास येण्याआधीच तो मान वळवून मागे नजर टाकतो. कोण मोकळा आहे, कोण अंगावर येतोय, हे चेंडू पायाशी येण्यापूर्वी त्याला ठाऊक असावं लागतं. साइडबॅक पुढे धावला की त्याची रिकामी जागा हाच भरतो. सगळं मैदान डोळ्यांसमोर ठेवायची ही सवय पुढे प्रशिक्षक झाल्यावर उपयोगी पडते. पेप ग्वार्दिओला याच जागेवर खेळले. दिदिए देशांही तसेच. १९९८ मध्ये कर्णधार आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकला.

आपल्याकडे नाव घ्यायचं ते खालिद जमील यांचं. जन्म कुवेतचा, १९७७ चा, कारकीर्द मुंबईची. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांच्या मधल्या फळीत ते खेळले. दुखापतींनी पाय थांबले आणि २००९ मध्ये, बत्तिशीत, ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं तुटपुंज्या पैशांत त्यांनी हा संघ आय-लीगमध्ये टिकवून धरला. त्या काळात त्यांच्यावर ‘नुसता बचाव करतात’ अशी टीका होई. मला ती कधीच पटली नाही. महागडे खेळाडू घेण्याची ऐपत नसेल, तर आधी मधली वाट बंद करायची आणि मग संधीची वाट बघायची, यात कमीपणा कसला?

पुढे जमील ऐझॉल एफसीचे प्रशिक्षक झाले, तिथेही तेच दिसलं. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला हा संघ गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये परतला होता. जमील यांच्या संघात बचावापुढे लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान पहारा द्यायचा, चाली रचायला सीरियाचा महमूद अल-आमना होता, आणि मुंबईचा जयेश राणेही होता. २२ एप्रिल २०१७ ला मोहन बागानविरुद्ध ८३ व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग बचावपटू झोहमिंगलियाना राल्टेने हेडर मारला आणि सामना खिशात आला. आठ दिवसांनी शिलाँग लाजाँगने सुरुवातीलाच गोल चढवला, तरी ऐझॉलने १-१ अशी बरोबरी साधली. ३७ गुण, बागानपेक्षा एक जास्त, आणि ईशान्येकडे पहिल्यांदाच विजेतेपद. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, हे मुंबईकरांना बोचलं असणार.

नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये जमील यांनी हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन आयएसएलच्या उपांत्य फेरीत नेलं, पुढे जमशेदपूरलाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. सॅव्हिओ मेडेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी ही जबाबदारी भारतीय माणसाकडे आली. पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघ तिसरा आला. पण नंतर मडगावात सिंगापूरकडून हार झाली आणि आशिया चषक हुकला; मग ढाक्यात बांगलादेशकडूनही हार झाली. या अपयशाचं सगळं खापर जमील यांच्या माथी फोडणं मला अन्याय्य वाटतं. देशातली मुख्य लीगच त्या महिन्यांत ठप्प होती. खेळाडूंच्या पायांत सामनेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात : विंगर, आणि रेषेलगतचा खेळ.