परत आणलेले उत्पादन : श्टाइफचे उदाहरण
जर्मनीतील गींगेन येथे १८८० साली स्थापन झालेल्या श्टाइफ या उंची खेळण्यांच्या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही उत्पादन चिनी कारखान्यांकडे सोपविले. परंतु २००८ साली ते काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. चीनमध्ये मजुरी स्वस्त होती. मात्र कापडी अस्वल निर्दोष शिवणारा कामगार घडविण्यास कित्येक महिने लागत, आणि घडलेला कामगार पुष्कळदा अन्यत्र निघून जाई. शिवाय समुद्रमार्गे माल येण्यास विलंब होई. उंची वस्तूच्या परिव्ययात मजुरीच्या दराइतकेच कौशल्याच्या स्थैर्यालाही मोल असते, हे यावरून स्पष्ट होते. तथापि श्टाइफचे बरेचसे काम ट्युनिशियातील तिच्या स्वतःच्या कारखान्यात चालूच राहिले. म्हणजे मायदेशी परतले ते सर्व उत्पादन नव्हे. संस्थेच्या हाती परत आले ते त्यावरील नियंत्रण होय.