होडी, नांगर आणि समुद्रातील जीव

मुलांनो, उर्दूत ज्याला आपण 'लंगर' म्हणतो त्याला मराठीत 'नांगर' म्हणतात. शेतकरी ज्याने जमीन उकरतो तोही नांगरच. दोन वस्तू वेगळ्या, पण शब्द एक. समुद्राच्या तळाशी होडीचा नांगर काय करतो हे कळले, म्हणजे हा शब्द किती नेमका आहे ते लक्षात येते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण हे बंदर आहे. समोर पाण्यात शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात खडकांवर प्रवाळ वाढते. प्रवाळ म्हणजे पोवळे. उर्दूत त्याला मूँगा किंवा मरजान म्हणतात. दिसायला ते दगडासारखे किंवा झाडासारखे असते, पण ते आहे प्राणी! अगदी बारीक प्राण्यांची ती वसाहतच असते. हे प्राणी पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाच्या फटींत माशांची पिल्ले लपतात, वाढतात. गोल, दगडासारखे प्रवाळ फार सावकाश वाढते, वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी.

आता कल्पना करा. पर्यटकांना घेऊन एक होडी येते. नाखवा नांगर टाकतो. लोखंडी नांगर प्रवाळावर आदळतो. वारा सुटला की होडी सरकते, दोर ताणला जातो आणि नांगर तळ उकरत जातो. ज्याला वाढायला पंचवीस-तीस वर्षे लागली ते क्षणात मोडते. तळाची माती ढवळली जाते, पाणी गढूळ होते आणि त्या शेवाळाला प्रकाश मिळत नाही. दिवसाला एकच होडी आली तर समुद्र ते सोसेल. पण मोसमात होड्यांची रांग लागते.

यावर उपाय अगदी साधा आहे. तळाशी एकदाच पक्का आधार बसवायचा आणि त्याला दोराने तरंगता बोया बांधायचा. होडीने नांगर टाकायचाच नाही, बोयाला दोर अडकवायचा. बोया नसेल तेथे वाळूचा तळ पाहून नांगर टाकावा. पाण्यात उतरलेल्या पाहुण्यांनी प्रवाळावर पाय ठेवू नये, हेही नाखव्यानेच सांगावे लागते.

होडीच्या इंजिनाकडेही पाहिले पाहिजे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. त्यातील काही भाग न जळता धुरातून थेट पाण्यात जातो. फोर-स्ट्रोक इंजिनात हे प्रमाण बरेच कमी असते. होडीच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी समुद्रात ओतण्याऐवजी डब्यात भरून किनाऱ्यावर आणावे.

कोकणच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसतात. ते मासे नाहीत. आपल्यासारखेच हवेत श्वास घेतात. गढूळ पाण्यात ते आवाजाच्या आधारे वाट आणि भक्ष्य शोधतात. चार होड्यांनी त्यांना घेरले तर इंजिनांच्या गोंगाटात त्यांचे काय होत असेल? पंख्याच्या पात्याने जखम होते ती वेगळीच. अनेक देशांत डॉल्फिनपासून ५० ते १०० मीटर दूर राहण्याचा संकेत आहे. मला मात्र वाटते, दोष एकट्या नाखव्याचा नसतो. "आणखी जवळ घ्या" असा हट्ट होडीत बसलेले आपणच धरतो.

१९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण मासेमारी बंद होईल अशी त्यांना भीती वाटली. ही भीती उगाच नव्हती. कोळी, गाबीत, दालदी अशा समाजांतील अनेक घरांची चूल समुद्रावरच पेटते. कायदा कागदावर करणे सोपे आहे. पण जाळ्यात कासव अडकले असता स्वतःचे महागडे जाळे कोण कापणार? आणि जाळे कापले नाही तर कासव गुदमरून मरते, कारण त्यालाही श्वासासाठी वर यावे लागते.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने यावर एक योजना आणली. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र जोडून अर्ज करावा लागतो. या योजनेमुळे कासवेच नव्हे, तर व्हेल शार्कसारखे अजस्र मासेही जाळ्यातून सुटून पुन्हा खोल पाण्यात गेले आहेत.