बालबाजार : हिशेबाचे प्रत्यक्ष शिक्षण

महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळांत भरणारा बालबाजार, ज्यात विद्यार्थी स्वतः भाजीपाला मांडून खऱ्या नाण्यांनी व्यवहार करतात, हे पैसे मोजण्याचे उत्कृष्ट शिक्षण आहे, असे माझे दृढ मत आहे. पालकांनी तो घरीही अवश्य मांडावा. मांडलेल्या वस्तूंवर, उदाहरणार्थ पेणच्या पोह्यांच्या पापडांवर, किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात. मुलांकडून प्रथम १, २, ५, १० व २० रुपयांची नाणी वेगळी करवून घ्यावीत आणि मग एकच रक्कम निरनिराळ्या रीतींनी जुळवायला सांगावी. ३७ रुपयांच्या खरेदीस ५० ची नोट आली, तर ३७ पासून पुढे मोजावे : ३ दिले, ४० झाले, १० दिले, ५० झाले, म्हणजे परत १३. अखेरीस जमाखर्च लिहून, गल्ल्यातील शिल्लक रोख मोजून ताळा पाहावा. हिशेबाची चोख सवय अशीच लागते.